भागीचे घोडे किवणाने का मरते?

भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या घराघरांत आहे. चौघांनी मिळून घोडे घेतले, चौघांनी त्याच्या पाठीवर ओझी लादली, पाठ सोलली, जखमेत किडे पडले. आणि औषध लावायचे कोणी, याचा निकाल लागायच्या आत घोडे मेले. गावात काही सामाईक करायचे म्हटले की सभेत कोणी तरी शहाणा उठतो, ही म्हण टाकतो आणि खाली बसतो. मग ‘ज्याचे त्याने बघावे’ हा ठराव न लिहिताच मंजूर होतो.

या अंकात आम्ही सामाईक अवजारांचाच विषय मांडत आहोत. म्हणून आधी या म्हणीचा हिशोब चुकता केला पाहिजे. घोडे भागीचे होते म्हणून ते मेले नाही. जखम धुण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते. आणि जखम धुवायची कशी, हे चौघांपैकी एकालाही येत नव्हते, म्हणून ते मेले. पहिली गोष्ट नियमाची, दुसरी हाताच्या हुन्नराची. अवजार बँकेची चर्चा होते तेव्हा आपण पहिल्या गोष्टीबद्दल थोडे बोलतो, दुसऱ्या गोष्टीबद्दल अजिबात बोलत नाही. अवजार उसने देणे आणि अवजार हाताळायला शिकवणे ही दोन कामे एकाच छपराखाली झाली तरच सामाईक अवजार टिकते, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

जमीन लहान झाली, अवजार मोठे झाले

महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. पंचेचाळीस वर्षांत साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. वाटण्या झाल्या, बांध वाढले. अवजारे मात्र उलट्या दिशेने गेली. तिफण बाभळीच्या लाकडाची होती, गावच्या सुताराने केलेली होती, दोन बैल ती ओढत होते. आजचे पेरणी यंत्र ट्रॅक्टरमागे चालते, लोखंडाचे असते आणि रोख पैशाने येते.

साधे गणित करू. समजा, एक यंत्र ६०,००० रुपयांना पडले आणि दहा वर्षे चालले. व्याज आणि दुरुस्ती बाजूला ठेवली तरी वर्षाची झीज ६,००० रुपये. तीन एकरवाल्याने ते एकट्याने घेतले तर एकरी २,००० रुपये नुसत्या झिजेचे. तेच यंत्र साठ एकरांवर फिरले तर एकरी १०० रुपये. उत्पादन खर्चाचा हिशोब मांडताना आपण खत, बियाणे, मजुरी लिहितो. वर्षातले तीनशे साठ दिवस बसून राहणाऱ्या लोखंडाचा खर्च लिहीत नाही. तो खर्च कर्जाच्या हप्त्यातून आपोआप वसूल होत असतो.

‘घ्यायचे कशाला, भाड्याने आणू’ म्हणाल, तर मृगाचा पाऊस पडून वापसा आला की ट्रॅक्टरवाल्याकडे रांग लागते. रांगेत पहिला नंबर मोठ्या रानाचा. तीन एकरवाल्याचा नंबर येईपर्यंत जमीन सुकलेली असते किंवा दुसरा पाऊस येऊन चिखल झालेला असतो.

सावड होती, बलुते होते

सामाईकाची आपल्याला सवय नाही, हे खरे नाही. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, अशी जोडी करून दोघांची रानं सावडीने होत होती. इर्जिक घालून गावाने एकाचे रान एका दिवसात नांगरून द्यायचे आणि त्याने गावाला जेवू घालायचे, ही रीत आजही जुन्या माणसांना सांगता येते. अवजाराच्या दुरुस्तीलाही व्यवस्था होती. सुतार आणि लोहार वर्षभर नांगर, वखर, तिफणीची डागडुजी करत आणि सुगीला खळ्यावरून बलुते नेत. दर वेळी पैसे मोजावे लागत नसल्याने अवजार थोडे बिघडले की लगेच दाखवले जाई. मोठे मोडेपर्यंत थांबण्याचे कारणच नव्हते.

ती व्यवस्था गोड होती असे कोणी समजू नये. हुन्नर जातीला खिळ्याने ठोकलेला होता. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचे, आणि खळ्यावर किती पायल्या घालायच्या हे मालकाच्या मर्जीवर. ती परत आणायची नाही. पण ती गेली तेव्हा दुरुस्तीचे काम कोणाच्या तरी हाती सोपवायला हवे होते. ते आपण कोणाच्याच हाती दिले नाही. भाता बंद पडला, ऐरण भंगारात गेली, लोहाराचा मुलगा शहरात वेल्डिंगच्या दुकानात लागला. आता फाळ शेवटायचा असला तर बाजाराच्या गावी जावे लागते. खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू लावतो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर त्यांना गंजू देतो.

शेड आहे, हात नाहीत

सरकारने अवजार बँकेचा विचार केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. २०१४-१५ मध्ये केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू झाले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत पुढे अशी तरतूद आली, की एकट्या उद्योजकाने भाडेतत्त्वावरचे केंद्र काढले तर प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, आणि सहकारी संस्था, शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत संस्था, उत्पादक कंपन्या किंवा ग्रामपंचायतीने काढले तर ८० टक्के मदत. कागदावर हे सामाईकाला झुकते माप आहे आणि ते योग्यच आहे.

परंतु अनुदान यंत्राला मिळते. यंत्र सांभाळणाऱ्या हाताला मिळत नाही. म्हणून अनेक ठिकाणी चित्र असे दिसते: शेड उभी, फलक रंगवलेला, आणि रोटाव्हेटर गवतात. काय झाले म्हणून विचारावे तर बिघाड किरकोळ निघतो. बेअरिंगला ग्रीस नव्हते. साखळीची एक कडी गेली. बियाण्याच्या नळीत गांधीलमाशीने मातीचे घर केले.

रोटाव्हेटरचेच उदाहरण घ्या. त्यात एक मऊ लोखंडाचा बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठी बसवलेला असतो. पात्याखाली दगड आला की तो तुटतो आणि गिअरपेटी वाचते. तो तुटला की तसाच मऊ बोल्ट बसवायचा. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, ‘सारखा तुटतो, चांगला कडक घाला.’ कडक बोल्ट बसतो, पुढचा दगड येतो आणि गिअरपेटी फुटते. चहापाण्याच्या किमतीत भागणारे काम हजारांवर जाते, वर्गणी कोण काढणार यावर भांडण होते, आणि म्हणीतले घोडे पुन्हा एकदा मरते. अनुदान वाढवून हे घोडे वाचणार नाही. बोल्ट का तुटतो हे गावातल्या दहा माणसांना कळले तर वाचेल.

वर्गात काय शिकवायचे

इथे कोणाला आयटीआयचा अभ्यासक्रम नको आहे. ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याच्यापासून सुरुवात करायची. अमावास्येला बऱ्याच गावांत आजही औत जुंपत नाहीत. तोच दिवस वर्गाचा ठेवावा. दिवाळीपासून रोहिण्यांपर्यंत सहा-सात अमावास्या मिळतात. तेवढ्यात गावाचा हात तयार होतो.

पहिला वर्ग धारेचा. खुरपे, विळा, कुऱ्हाड. कानस कशी धरायची, सान कशी फिरवायची. ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत दाबले की त्याचे पाणी उतरते, म्हणून घडीघडी पाण्यात बुडवायचे. बोथट खुरप्याने दिवसभर निंदणाऱ्या बाईचे मनगट संध्याकाळी काय सांगते, ते तिलाच विचारा. 

दुसरा वर्ग दांड्याचा. लाकडाची रेघ उभी धावते की आडवी, दांडा कुठे तासायचा, पाचर कशी ठोकायची. कुदळीचा सुटलेला दांडा हा अपघातच असतो.

तिसरा वर्ग फवारणी पंपाचा, आणि तो कोणीही चुकवू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षणाचे काही नाही, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. सगळी एका वर्गात मिटणार नाहीत. पण झाकणाचे वॉशर बदलणे, नळीचा जोड आवळणे, औषध घालण्याआधी साध्या पाण्याने पंप चालवून गळती बघणे, तुंबलेले नोझल तोंडाने न फुंकता धुऊन ब्रशने साफ करणे, हे दोन तासांत शिकता येते. गळका पंप पाठीवर घेणे म्हणजे विषाने भिजलेला सदरा घालणे. अवजार बँकेतून बिनगळतीचा पंप, हातमोजे आणि चष्मा एकत्रच दिला जावा. सुटा पंप देऊ नये.

चौथा वर्ग पेरणी यंत्राच्या मापाचा. कृषी महाविद्यालयात हे गणित परीक्षेपुरते असते. शेतात ते पैशाचे असते. यंत्राच्या चाकाचा घेर दीड मीटर आहे आणि तीन फणांत ४५ सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरा. म्हणजे यंत्राची रुंदी १.३५ मीटर. चाक टेकवर उचलून वीस वेळा फिरवले तर यंत्र तीस मीटर चालले. क्षेत्र झाले साडेचाळीस चौरस मीटर, म्हणजे एकराचा शंभरावा हिस्सा. सोयाबीन एकरी ३० किलो पेरायचे असेल तर तेवढ्या वीस फेऱ्यांत नळ्यांखालच्या पिशव्यांत मिळून ३०० ग्रॅम बी पडले पाहिजे. ४०० पडले तर एकरी दहा किलो बी वाया चालले. घरच्या तराजूवर अर्ध्या तासाचे काम आहे. रान बदलले, बी बदलले, की पुन्हा करायचे.

पाचवा वर्ग नट-बोल्ट, बेअरिंग आणि ग्रीसचा. सहावा वेल्डिंगचा, काळ्या काचेशिवाय आणि पायात बूट असल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही. मळणी यंत्राचे भय वेगळे सांगायला नको. ज्यांचे हात त्यात गेले अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा १९८३ मध्ये झाला. कायदा कपाटात असतो. पेंढी घालण्याचे तोंड लांब आणि वरून झाकलेले आहे की नाही हे बघणारा डोळा खळ्यावर लागतो. मालकाने झाकण काढून ठेवले असेल तर ‘आधी झाकण लावा’ म्हणण्याची हिंमतही या वर्गातूनच येईल.

हे कोणी करून दाखवले आहे काय?

दाखवले आहे, आणि आपल्याच मुलखात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली खेड्यातली मुले तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन हाताने करत शिकतात. मुलांनी केलेले काम दाखवण्यापुरते नसते. गावाला लागणारी वस्तू किंवा सेवा त्यातून तयार होते. काम खरे असले की चूकही खरी असते, आणि चूक दुरुस्त करताना माणूस शिकतो. जीपचे जुने भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही तिथे तयार झाला. पुढे हेच शिक्षण आठवड्यातून एक दिवस या हिशोबाने शाळांमध्येही नेण्यात आले. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

बाहेरच्या मुलखातही हा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकऱ्यांनी यंत्रे एकत्र वापरण्याच्या सहकारी संस्था काढल्या; आज तिथे अशा हजारो संस्था आहेत. त्याच देशात शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था काही दिवसांची शिबिरे घेते; शेतकरी तिथे लोखंड कापून, जोडून स्वतःचे अवजार तयार करतो आणि घरी घेऊन जातो. अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक वाचनालयातून १९७९ पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारे उसनी मिळतात. श्रीमंत देशांतल्या माणसांना ड्रिल उसने नेण्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मात्र दारात उभा असलेला, हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर सोयरिकीच्या वेळी मोजला जातो. ही प्रतिष्ठा सावकाराच्या फायद्याची आहे.

गुरू कोण?

गावात किंवा शेजारच्या गावात एखादा म्हातारा लोहार, एखादा सुतार अजून आहे. उन्हाळ्यात गावाबाहेर पाल टाकणारी घिसाडी कुटुंबे आहेत. त्यांच्यातली बाई घण उचलते आणि पुरुष सांडशीत लोखंड धरतो. आपण त्यांच्याशी आजवर घासाघीस केली. आता त्यांना गुरू म्हणून बोलवायचे आहे. ठरलेले मानधन पहिल्याच दिवशी हातावर ठेवायचे, वर्गात त्यांना खुर्ची द्यायची आणि नावापुढे ‘गुरुजी’ लावायचे. ज्यांना बलुते घालताना हात आखडला त्यांच्याकडून विद्या फुकट मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिकवल्याने त्यांचा धंदा बुडेल, ही शंका रास्त आहे. पण ज्याला दांडा घालता येतो तोच चांगले पाते ओळखतो आणि त्याची किंमत देतो. आज त्यांचा धंदा बुडवतो आहे तो बाजारातला वापरून फेकायचा पत्रा. किरकोळ काम घरी होईल, भट्टीचे काम त्यांच्याकडे जाईल, आणि अवजार बँकेचे वर्षाचे दुरुस्तीचे काम त्यांनाच ठरवून द्यावे.

पाळी आणि वही

आता कठीण प्रश्न. वापसा सगळ्यांना एकाच दिवशी येतो. मग यंत्र पहिले कोणाला? हा प्रश्न टाळून जी बँक सुरू होते ती पहिल्याच मृगात फुटते. उत्तर आपल्याकडे आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने मिळत आले. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. कोणी उठून आपले दार आपण उघडायचे नाही. पाण्याची पाळी पाळता येते तर यंत्राचीही येते. पाळी पाऊस पडण्यापूर्वी, भर सभेत चिठ्ठ्या टाकून ठरवावी. पुढच्या वर्षी ती उलट्या टोकाने सुरू व्हावी. सरपंचाची चिठ्ठी त्याच डब्यात.

बाकीचे नियम थोडे आणि पक्के. सांभाळणारा एकच माणूस, आणि त्याला मेहनताना. एक वही: काय नेले, कोणी, कधी, कोणत्या स्थितीत परत आले. धुऊन, पुसून, तेल लावून परत करायचे. नीट वापरात मोडले तर खर्च बँकेचा, हयगयीने मोडले तर नेणाऱ्याचा. भाड्यातला ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या डब्यात, आणि त्या डब्याला दुसऱ्या कामासाठी कोणी हात लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या अवजाराचा वर्ग केला नाही ते अवजार न्यायचे नाही.

सुरुवात ट्रॅक्टरने करू नका. पाने-पकडींचा संच, कानशी, सान, करवत, ग्रीसगन, दोन चांगले फवारणी पंप, पऱ्हाटी उपटायचे चिमटे, सायकल कोळपी, दातेरी विळे, पेरणीच्या मापाचा तराजू. एवढ्याने बँक उघडते. अनुदानाचा अर्ज वर्षभराची वही भरल्यावर करावा. आधी अनुदान आणि मग गट, असे झाले की अनुदान संपताच गट संपतो.

यात बायांची जागा कोणती, हे शेवटी सांगतो ते दुय्यम म्हणून नाही. निंदणी, वेचणी, कापणी बायांच्या हातची. अवजार विकत घेताना मात्र त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून दांडे पुरुषाच्या उंचीचे येतात आणि खुरपे बोथट राहते. अवजारांची यादी करणाऱ्या समितीत निम्म्या बाया हव्यात, वर्ग त्यांच्या सवडीच्या वेळी हवा, आणि वही बचत गटाकडे द्यायला हरकत नाही. पै-पैचा हिशोब ठेवण्याची सवय गावात आज त्यांच्याइतकी कोणाला आहे?

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, जिल्हा बैठकीत या विषयावर नुसती भाषणे होऊ नयेत. प्रत्येक गावाने येताना एक कागद आणावा. त्यावर चार रकाने: गावात कोणती अवजारे आहेत, त्यांतली किती बंद आहेत, कशामुळे बंद आहेत, आणि दुरुस्त करणारा हात कोणाचा आहे. ज्या गावाचा चौथा रकाना कोरा राहील तिथे पहिला वर्ग येत्या अमावास्येला भरवू. त्यासाठी बैठकीतच दिवस, जागा आणि गुरुजी ठरवून उठायचे आहे.